एक वाट बंद ठेवावी लागते

पहाटे ५.४०

नेटवर्कच्या माझ्या कामात गाळप हंगामात फोन उशाशी घेऊनच झोपावं लागतं. आजचा फोन सांगली जिल्ह्यातल्या, कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्यातून आला. रात्रपाळीचा कॉम्प्युटर ऑपरेटर घाईघाईनं सांगत होता, "मॅडम, काटा बंद पडलाय. गाडी नंबर टाकला की नुसतं फिरत राहतंय. सर्व्हर चालू आहे, लाइट आहे, पण पुढं काहीच सरकत नाही. गाड्यांची रांग गेटच्या बाहेर गेलीय."

वजनकाटा थांबला की मागचं सगळं अडतं. उसानं भरलेली ट्रॉली काट्यावर चढते, तिचं वजन होतं. गव्हाणीवर ऊस खाली करून ती परत येते, मग रिकामं वजन होतं. या दोन आकड्यांमधल्या फरकावर शेतकऱ्याचं बिल, तोडणी-वाहतुकीचा हिशेब आणि दिवसाचं गाळप ठरतं. रांगेत ट्रॅक्टर असतात तशा बैलगाड्याही असतात. तोडकरी नवरा-बायको अंधारात उठून गाडी भरून आलेली असतात, बैल जुवाखाली ताटकळत असतात. तोडलेला ऊस जितका पडून राहील तितकं त्याचं वजन घटतं, साखरेचा उतारा उतरतो. अशा फोनला "येते, बघते" एवढं उत्तर पुरत नाही. करायचं ते लगेच, फोनवरून, त्याच्याच हातानं करून घ्यावं लागतं.

"रॅकचं दार उघड आणि मोठ्या स्विचचे दिवे बघ. कसे लुकलुकतायत ते सांग."

सगळं ठीक असतं तेव्हा प्रत्येक पोर्टचा दिवा आपापल्या लयीनं उघडझाप करतो. एखादा बराच वेळ गप्प, एखादा मधूनच चमकणारा. तो म्हणाला, "सगळे एकदमच चमकतायत. जोरात. थांबतच नाहीत." एवढं ऐकलं आणि लूप बसलाय हे कळलं.

"आता बाहेरच्या इमारतींकडं जाणाऱ्या केबली आहेत ना, त्यातली एक काढ. दहापर्यंत मोज. दिवे शांत झाले नाहीत तर ती परत लाव आणि पुढची काढ. कुठली काढलीस ते मोठ्यानं बोलत राहा."

डिस्टिलरी झाली, स्टोअर झालं, लॅब झाली. शेतकी ऑफिसची केबल निघाली आणि पलीकडचा आवाज बदलला. "थांबले मॅडम. शांत झाले." सहा वाजायच्या आत पहिली ट्रॉली काट्यावर चढली. ती केबल मी येईपर्यंत लावायची नाही, असं त्याला दोनदा बजावून सांगितलं.

सकाळी ६.३०

आजचा बेत खरं तर वेगळा होता. सकाळी साताऱ्यातल्या एका कॉलेजचं काम, दुपारनंतर मिरजेत बैठक. कॉलेजला फोन करून रात्रीची वेळ मागून घेतली. पोवई नाक्यावर माझा मदतनीस गाडीत बसला. पॉलिटेक्निकमधून नुकताच बाहेर पडलेला मुलगा, मला ताई म्हणतो आणि एकही गोष्ट समजल्याशिवाय सोडत नाही. हायवेला लागताच त्यानं विचारलं, "ताई, एका ऑफिसातल्या केबलीनं अख्खा कारखाना कसा बंद पडतो?"

उंब्रज मागं पडेपर्यंत आम्ही हेच बोलत होतो.

स्विचचं काम साधं आहे. फ्रेम, म्हणजे माहितीचा एक तुकडा, आली की ती कुणी पाठवली आणि कुठल्या पोर्टातून आली, एवढं तो लक्षात ठेवतो. जिला पोचायचंय तो पत्ता कुठल्या पोर्टावर आहे हे ठाऊक असेल तर नेमकी तिकडं सोडतो. ठाऊक नसेल, किंवा फ्रेम सगळ्यांसाठीच असेल, तर ज्या पोर्टातून आली तो सोडून उरलेल्या सगळ्या पोर्टांतून बाहेर काढतो. सगळ्यांसाठीच्या अशा फ्रेम दिवसभर चालू असतात. कुठला तरी कॉम्प्युटर प्रिंटर शोधत असतो, कुठला तरी "हा आयपी पत्ता कुणाचा?" असं विचारत असतो. आता दोन स्विचमध्ये दोन केबली लावल्या, की वर्तुळ, म्हणजेच लूप झाला. एकीनं गेलेली फ्रेम दुसरीनं परत येते आणि पुन्हा पहिलीनं निघते.

पूर्वी पटकीची साथ आली की गावोगाव मरीआईचा गाडा निघायचा. गावानं तो आपल्या शिवेबाहेर नेऊन सोडायचा, पुढच्या गावानं त्याच्या शिवेबाहेर. कुणी ठेवून घ्यायचा नाही. गावं एका ओळीत असतील तर गाडा लांब कुठंतरी निघून जाईल, पण गोलात असतील तर तो फिरून दारात येणारच. स्विच असाच वागतो, आणि वर प्रत्येक फाट्यावर गाड्याची नवी प्रत काढतो.

इंटरनेटच्या आयपी पाकिटाला ठरावीक आयुष्य असतं. त्यात एक आकडा लिहिलेला असतो, जास्तीत जास्त २५५. प्रत्येक राउटर तो एकनं कमी करतो आणि शून्यावर आला की पाकीट टाकून देतो. इथरनेटच्या फ्रेममध्ये असा आकडाच नाही, त्यामुळं ती कधी मरत नाही. सगळ्यात लहान फ्रेम ६४ बाइटची असते, पुढचा इशारा आणि मधली मोकळी जागा धरून ८४. १०० मेगाबिटच्या लाइनवर अशा सेकंदाला १,४८,८०९ फ्रेम मावतात, गिगाबिटवर त्याच्या दहापट. वर्तुळात थोड्या फ्रेम सापडल्या की लाइन बघता बघता काठोकाठ भरते. त्या सगळ्यांसाठी असल्यामुळं काट्याच्या कॉम्प्युटरलाही प्रत्येक फ्रेम उघडून पाहावी लागते. शिवाय एकच पत्ता कधी या पोर्टावर तर कधी त्या पोर्टावर दिसत असल्यानं स्विचची पत्त्यांची वहीही बिघडते. काटा आणि सर्व्हर दोन्ही ठणठणीत होते, त्यांच्या बोलण्याला रस्त्यात जागा उरली नव्हती.

"मग दुसरी केबल टाकायचीच कशाला?"

कारण पहिली तुटते. जेसीबीच्या दातात सापडते, उंदीर कुरतडतात, पुरात चेंबर बुडतं. दुसरी वाट हवीच, पण पहिली चालू असेपर्यंत तिच्यावरून काही जाता कामा नये. ही युक्ती १९८५ साली रेडिया पर्लमन यांनी शोधली. त्या तेव्हा अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये काम करत होत्या. स्विच एकमेकांना दर २ सेकंदांनी छोटा निरोप पाठवतात, त्याला बीपीडीयू म्हणतात. त्या निरोपांतून आधी सगळ्यांचा एक मूळ स्विच, म्हणजे रूट ठरतो. मग प्रत्येक स्विच रूटकडं जाणारी सगळ्यात स्वस्त वाट निवडतो, आणि ज्या वाटेनं वर्तुळ पुरं होईल तिच्या एका टोकाचा पोर्ट बंद ठेवतो. केबल जोडलेली असते, निरोप ऐकू येत असतात, फक्त वाहतूक थांबवलेली असते. चालू वाट तुटली की हा पोर्ट उघडतो. एका स्विचला लक्षात ठेवायची माहिती त्याच्या स्वतःच्या पोर्टांपुरतीच असते, नेटवर्क कितीही वाढो. १९९० मध्ये आयईईई या संस्थेनं ८०२.१डी या नावानं त्याचं प्रमाण ठरवलं. आज कुठल्याही चांगल्या स्विचमध्ये ही युक्ती, म्हणजे स्पॅनिंग ट्री (एसटीपी), किंवा तिची वेगवान आवृत्ती असते.

या सगळ्यात मला तो बंद ठेवलेला पोर्ट सगळ्यात मोलाचा वाटतो. माझ्या कामाचा निम्मा वेळ लोकांना हे पटवण्यात जातो, की तो पोर्ट वाया गेलेला नाही आणि त्याला कुणी "चालू करून" देऊ नये.

"कारखान्यात एसटीपी चालू नव्हतं का मग?"

"होतं. मीच बघितलंय. म्हणून तर जायचं."

सकाळी ८.४५

शेतकी ऑफिसात टेबलाखाली वाकलो आणि उत्तर समोर आलं. पाच पोर्टांचा प्लॅस्टिकचा छोटा स्विच, धुळीनं राखाडी झालेला, आणि एका केबलीची दोन्ही टोकं त्याच्यातच खुपसलेली. एका कॉम्प्युटरची जागा बदलली होती, त्याची केबल तशीच लोंबत राहिली होती. पहाटे झाडलोट करताना शिपाई मामांना ती दिसली. निघाली असेल म्हणून त्यांनी ती जागेवर लावली.

मामा स्वतःच पुढं आले आणि घाबरत घाबरत सांगू लागले. तिथल्या एका साहेबांचं म्हणणं पडलं की त्यांना नोटीस द्यावी. मी त्यांना जमेल तितक्या ठामपणे सांगितलं की असं करू नका. लोंबणारी केबल दिसली की ती लावावी, हे कुणाही काळजीच्या माणसाला वाटणार. जी व्यवस्था झाडू मारताना कोसळते, तिच्यात माणसाला दोष देऊन काही सुधारत नाही. पुढच्या वेळी कुणी खरं सांगायला येत नाही, एवढंच होतं, आणि मग लूप शोधायला तासाऐवजी दिवस लागतो.

आता एसटीपीनं हे का ओळखलं नाही ते बघू. मोठा स्विच शेतकी ऑफिसच्या दिशेनं बीपीडीयू पाठवत होता. तो निरोप त्या वर्तुळात फिरून परत आला असता तर आपणच पाठवलेलं आपल्याकडं येतंय हे पाहून त्यानं तो पोर्ट बंद केला असता. पण स्वस्तातल्या काही स्विचना बीपीडीयू कळतही नाही आणि ते तो पुढंही जाऊ देत नाहीत, गिळून टाकतात. मोठ्या स्विचला पलीकडून काहीच ऐकू आलं नाही. त्यानं समज करून घेतला की पलीकडं साधा कॉम्प्युटर असणार, आणि दार उघडं ठेवलं. साध्या फ्रेम मात्र तो छोटा डबा इमानानं फिरवत राहिला.

अशा ठिकाणी दोन उपाय लागतात. पहिला स्टॉर्म कंट्रोल: एका पोर्टातून सगळ्यांसाठीच्या फ्रेम ठरवलेल्या मर्यादेपलीकडं येऊ लागल्या की पोर्टच बंद करायचा. दुसरा, स्विच कंपन्यांनी स्वतःचं दिलेलं लूप डिटेक्शन. त्यातले निरोप बीपीडीयूच्या राखीव पत्त्यावर जात नाहीत, म्हणून छोटा स्विच ते गिळत नाही आणि ते फिरून परत येतात. दोन्ही लावले. मग आम्ही मुद्दाम तीच केबल तशीच पुन्हा लावून पाहिली. तेवढं एक ऑफिस तुटलं, काट्याचं वजन सुरळीत चालू राहिलं.

असे डबे अजून किती आहेत, हे कारखान्यात कुणालाच माहीत नव्हतं. मामांना माहीत होतं. प्रत्येक टेबलाखाली तेच झाडू मारतात. ते पुढं आणि आम्ही मागं असं करत अकाउंट, टाइम ऑफिस, गोडाऊन, गेस्ट हाऊस सगळं फिरलो आणि नकाशावर खुणा केल्या. कारखान्याकडं नेटवर्कचा असा नकाशा पहिल्यांदाच झाला.

सकाळी १०.३०

मला जास्त अस्वस्थ केलं ते दुसऱ्या एका गोष्टीनं. रूट कोण आहे ते तपासलं, तर तो निघाला डिस्टिलरीच्या कोपऱ्यातला, कुणाच्याही ध्यानात नसलेला जुना स्विच.

हे अनेक ठिकाणी असंच सापडतं आणि त्याचं कारण सरळ आहे. रूट ठरवताना ज्याचा प्राधान्यक्रमाचा आकडा सगळ्यात लहान तो निवडला जातो. नवा विकत घेतला तेव्हा प्रत्येक स्विचमध्ये हा आकडा ३२७६८ असा एकच भरलेला असतो. सगळे सारखे ठरले की मग हार्डवेअरचा, म्हणजे मॅक पत्ता बघतात, आणि त्यातला लहान जिंकतो. जुन्या यंत्रांचे पत्ते बऱ्याचदा लहान असतात. म्हणजे माणसानं काहीच ठरवलं नाही, तर सगळ्यात जुन्या आणि दुबळ्या स्विचला मान मिळण्याची शक्यता मोठी.

इथं परिणाम असा झाला होता: मुख्य इमारत, काटा आणि डिस्टिलरी, तिन्हींना फायबरनं एकमेकांशी जोडलेलं. काटा मुख्य इमारतीपासून हाकेच्या अंतरावर. पण रूट डिस्टिलरीत असल्यामुळं दोन्हीकडून रूटकडं जाणाऱ्या वाटा चालू राहिल्या आणि काटा ते मुख्य इमारत ही सरळ वाटच बंद ठेवली गेली. प्रत्येक ट्रॉलीचं वजन डिस्टिलरीला वळसा घालून सर्व्हरकडं जात होतं. तिथला जुना स्विच कधी उन्हानं तापून बंद पडला की मध्येच काटा अडकायचा. "अधूनमधून असं होतं" म्हणून सगळ्यांनी ते सोडून दिलेलं.

काट्यावरच्या क्लार्कना म्हटलं, "आबा, दोन मिनिटं नवी गाडी चढवू नका." मुख्य इमारतीतल्या स्विचला ४०९६ दिला. तो बंद पडला तर त्याची जागा कोण घेणार हेही ठरवायला हवं, म्हणून काट्याच्या स्विचला ८१९२. हा आकडा ४०९६च्या पटीतच देता येतो. काही क्षणांत स्पॅनिंग ट्रीची मांडणी बदलली. सरळ वाट उघडली, आणि काटा-डिस्टिलरी ही लांबची वाट बंद झाली. तीच बंद असायला हवी होती. आबांनी पुढची ट्रॉली घेतली आणि पावती छापून आली तेव्हा म्हणाले, "लवकर आली की."

दुपारी १२.३०

कँटीनमध्ये पोहे खाऊन आष्ट्यावरून सांगलीकडं निघालो. सांगलीवाडी सोडून आयर्विन पुलावर आलो की माझी नजर आपोआप पाण्याच्या पातळीकडं जाते. १९२९ पासून हा पूल कृष्णेवर उभा आहे आणि सांगलीकर पुराची भाषा याच्याच फुटांत बोलतात. ४५ फूट म्हणजे धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं होतं.

तळमजल्यावर रॅक ठेवायचा नाही, हे सांगलीत आता कुणाला सांगावं लागत नाही. त्या पुरानंतर इथल्या शाळा, बँका, दवाखाने, पेढ्या सगळ्यांनी दुसऱ्या वाटेचा विचार सुरू केला: एक केबल जमिनीखालून, एक खांबांवरून, एक नव्या इमारतीतून. या शहराला दुसऱ्या वाटेची गरज आहे, त्यात शंकाच नाही. मात्र केबल टाकणारा आणि स्विच लावणारा बऱ्याचदा वेगळा असतो. पहिल्यानं "बॅकअप" म्हणून टाकलेली केबल दुसऱ्यानं न विचारता जोडली, की पूर नसतानाही ऑफिस बंद पडतं. चांगल्या हेतूनं टाकलेल्या जादा केबलीनं घात केल्याचं मी जितक्या वेळा पाहिलंय, तितक्या वेळा तुटलेल्या केबलीनं केल्याचं पाहिलेलं नाही.

दुपारी २.००

मिरज. १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी इथं रुग्णालय काढलं, आणि आज सीमेपलीकडून, कर्नाटकातूनही माणसं उपचारासाठी या गावात येतात. आजची बैठक एका खाजगी रुग्णालयात होती. नव्या विंगचं नेटवर्क आखायचं होतं आणि व्यवस्थापकांचा आग्रह होता की तिसरी केबलही टाका, म्हणजे कधीच बंद पडणार नाही.

त्यांना मी बॉस्टनची गोष्ट सांगितली. बेथ इस्रायल डीकनेस हे तिथलं नावाजलेलं रुग्णालय. १३ नोव्हेंबर २००२ रोजी तिथलं नेटवर्क कोलमडलं आणि पूर्ववत व्हायला चार दिवसांच्या आसपास वेळ लागला. चिठ्ठ्या, तपासण्या, औषधांच्या ऑर्डरी सगळं कागदावर आलं. नेटवर्क वर्षानुवर्षं तुकड्या-तुकड्यांनी वाढत गेलं होतं. नवी इमारत झाली की जुन्या इमारतीच्या स्विचला जोडायची, तिच्यापुढं आणखी एक. स्पॅनिंग ट्रीची वेळेची मूळ गणितं कुठल्याही दोन टोकांमध्ये जास्तीत जास्त सात स्विच असतील हे धरून बसवलेली आहेत. तिथली साखळी त्याच्या पलीकडं गेली होती. त्यात माहितीचा मोठा लोंढा आला, निरोप वेळेवर पोचेनासे झाले, आणि बंद असायला हवे ते पोर्ट उघडले. रुग्णालयाचे तेव्हाचे माहिती विभागप्रमुख डॉ. जॉन हलामका यांनी काय बिघडलं ते लपवलं नाही, जगासमोर मांडलं. म्हणून मिरजेत बसून आपण त्यातून शिकू शकतो. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे.

मग मिरजेच्या रुग्णालयाचाच नकाशा टेबलावर पसरला आणि मोजायला लावलं. ओपीडीतून लॅब, लॅबमधून एक्स-रे, तिथून जुना आयसीयू, तिथून स्टोअर, आणि नवी विंग स्टोअरला जोडायचा बेत. साखळी लांबतच चालली होती. तिसऱ्या केबलीनं या साखळीवर आणखी वर्तुळं चढली असती. मी सुचवलं ते असं: दोन वेगळ्या मजल्यांवर दोन मुख्य स्विच, आणि प्रत्येक विभागातून दोघांकडं थेट एकेक केबल. मधे कुणाच्या खांद्यावर कुणी नाही. रूट कोण आणि त्याच्या मागं कोण, हे आजच ठरवायचं. कुठल्या वाटा बंद राहतील त्या नकाशावर लाल पेननं काढायच्या आणि तो नकाशा रॅकपाशी लावायचा. खर्च तिसऱ्या केबलीपेक्षा जास्त आहे, तेही सांगितलं.

बैठकीतला सगळ्यात चांगला प्रश्न इन्चार्ज सिस्टरांनी विचारला. "हे सगळं करूनही नेट गेलं, तर पहिल्या पाच मिनिटांत माझ्या मुलींनी काय करायचं?" छापील केस पेपर, औषधांचे कोरे चार्ट आणि लॅबच्या चिठ्ठ्या प्रत्येक वॉर्डात एका ठरलेल्या कपाटात ठेवायचं तिथंच ठरलं, आणि महिन्यातून एकदा त्यांची मोजदाद. नेटवर्कवाल्यांच्या बैठकीत सिस्टरांना बोलावलंच पाहिजे, असं माझं मत आहे.

संध्याकाळी ५.१५

परतीच्या वाटेवर, कराडच्या अलीकडं, चाळकेवाडीच्या पठारावरून एका तंत्रज्ञाचा फोन आला. ठोसेघरच्या वर त्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा आहेत. चक्क्या लांबलांब पसरलेल्या असल्या की त्यांचं फायबर बहुधा रिंगमध्ये घालतात, म्हणजे एका जागी तुटलं तरी दुसऱ्या बाजूनं पोचता येतं. रिंग म्हटली की लूप आलाच, म्हणून तिथंही एक दुवा मुद्दाम बंद ठेवलेला असतो. आयटीयू या संस्थेच्या जी.८०३२ या प्रमाणात त्या दुव्याला मालक नेमून दिलेला असतो, आणि तुटल्याचं कळल्यापासून तो ५० मिलिसेकंदांच्या आत उघडावा अशी अपेक्षा असते.

"मॅडम, स्क्रीनवर रिंग तुटल्याचं दाखवतंय, पण सगळ्या चक्क्या दिसतायत. उद्या बघितलं तर चालेल ना?"

"आजच तुटलेली जागा शोध. आता तुझ्याकडं जादा वाट उरलेली नाही."

दुसऱ्या वाटेचा हा एक धोका आहे, आणि त्याकडं फार थोडे लोक लक्ष देतात. ती इतकी चोख काम करते, की पहिली तुटल्याचं कुणाच्या लक्षातच येत नाही. मग एके दिवशी दुसरीही तुटते आणि लोक म्हणतात, दोन वाटा असून उपयोग काय झाला.

रात्री ८.३०

घरी जेवून साताऱ्यातल्या कॉलेजात पोचले तेव्हा वर्ग सुटून गेले होते. उद्या सकाळी इथं ऑनलाइन परीक्षा आहे. तक्रार अशी होती की सकाळी लॅबमधले कॉम्प्युटर सुरू केले की निम्म्यांना नेट मिळत नाही, परत चालू केले की मिळतं.

इथल्या स्विचवर जुनं, १९९० च्या काळातलं स्पॅनिंग ट्री चालू होतं. त्यात नवा पोर्ट जागा झाला की आधी १५ सेकंद नुसता ऐकतो, मग १५ सेकंद पत्ते शिकतो आणि मगच वाहतूक सोडतो. आजचा कॉम्प्युटर या ३० सेकंदांच्या आत सुरू होऊन आयपी पत्ता मागून मोकळा होतो. उत्तर येत नाही म्हणून स्वतःच १६९.२५४नं सुरू होणारा निरुपयोगी पत्ता घेऊन बसतो. मुलांना वाटतं लॅब बिघडलीय.

वेगवान आवृत्ती, आरएसटीपी, २००१ मध्ये आली. स्विचमध्ये ती होतीच, चालू करायची राहिली होती. बदलण्याआधी लॅब असिस्टंट सरांना फरक दाखवला. सर्व्हरकडं पिंग सोडून मुख्य केबल काढली. पडद्यावर उत्तरं यायची थांबली. अर्धा मिनिट गेला तरी काही नाही. मग एकदम सुरू झाली. आरएसटीपी लावून तीच केबल पुन्हा काढली, तर जेमतेम एक पिंग चुकला. जुन्या पद्धतीत स्विच घड्याळ बघून वाट पाहतो. नव्या पद्धतीत शेजारचा स्विच आणि तो एकमेकांना विचारून लगेच ठरवतात. सरांनी ते स्वतःच्या हातानं करून पाहिलं.

लॅबच्या पोर्टांना "इथं फक्त कॉम्प्युटर लागणार" असं सांगून ठेवलं, म्हणजे ते लगेच उघडतील. हे एकटं ठेवणं धोक्याचं असतं. लगेच उघडणाऱ्या पोर्टाला उद्या कुणी स्विच जोडला तर लूप व्हायला क्षणही लागणार नाही. म्हणून सोबत बीपीडीयू गार्ड: अशा पोर्टावर एक जरी बीपीडीयू ऐकू आला तरी तो पोर्ट बंद. या दोन ओळी मी नेहमी जोडीनंच लिहिते, आणि माझ्या मदतनिसालाही तसंच शिकवते.

रात्री १०.१५

शेवटची चाचणी राहिली होती. मदतनिसानं भिंतीतल्या दोन जॅकना एकाच केबलीची दोन टोकं लावली. त्यातला एक पोर्ट तिथल्या तिथं बंद पडला, आणि सरांच्या मोबाइलवर कुठल्या लॅबचा कितवा पोर्ट ते सांगणारा मेसेज आला. राखीव वाट उघडली तर तसाच दुसरा मेसेज येईल, अशीही सोय केली. चाळकेवाडीचा फोन डोक्यात होताच.

सर म्हणाले, "पण मी रजेवर असलो तर?" मग रॅकच्या दारावर लावायचा कागद आम्ही तिघांनी मिळून मराठीत लिहिला. रूट कुठला, त्याच्या मागं कोण, कुठला पोर्ट बंद आहे आणि तो बंदच राहू द्यायचा, सगळे दिवे एकदम चमकू लागले तर कुठल्या क्रमानं केबली काढायच्या, काढल्यावर किती मोजायचं, कुणाला फोन करायचा. सरांनी खाली आपलं आणि वॉचमन काकांचं नाव लिहिलं आणि काकांना वर बोलावून तो कागद एकदा वाचून दाखवला. काकांनी विचारलं, "केबल काढली आणि बिघडलं तर माझ्यावर येणार नाही ना?" सरांनी त्याच कागदावर तेही लिहून दिलं आणि सही केली.

बंद पडलेला पोर्ट पुन्हा चालू करून, लॅबमधले सगळे कॉम्प्युटर एकदम सुरू करून पाहिले. सगळ्यांना पत्ता मिळाला. परीक्षेची पहिली बॅच सकाळी ९ ला बसणार आहे. रॅकची एक किल्ली सरांकडं राहिली, दुसरी काकांच्या खोलीतल्या खिळ्याला लावली.